आफ्रिकेच्या इतिहासाची साधने आणि आपला शेजार

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेत देणगीदारांची यादी असावी, कार्याचा अहवाल असावा, हे रीतीला धरूनच आहे. त्याबरोबर एखादा अभ्यासाचा लेखही असावा, तो घरातल्या विद्यार्थ्यांना वाचून दाखविता यावा आणि वडीलधाऱ्यांनी त्यात आपली भर घालावी, अशा हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे. विषय आहे आफ्रिकेचा इतिहास व संस्कृती यांच्या साधनांचा संग्रह आणि अभ्यास. तो ऐकून काही सभासद विचारतील, "बेगम बाजारातल्या माणसांना आफ्रिकेशी काय देणे-घेणे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, आफ्रिका आपल्या ताटात आहे, आपल्या मोहल्ल्यांच्या नावांत आहे, वरातीच्या वाजंत्रीत आहे आणि आपल्या मराठी दप्तरांतही आहे. उत्तर एवढ्या जवळ असून आपण ते कधी एकत्र मांडलेले नाही, म्हणून ते परके वाटते.

ताटातील साक्ष

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जुना कागद येतो. पण कागदापूर्वीही इतिहास होता, आणि त्याची साक्ष धान्याचा दाणा देतो. मराठवाड्याची ओळख म्हणजे ज्वारीची भाकरी. ही ज्वारी मूळची आफ्रिकेतली. तिचे रानटी पूर्वज तेथे आजही उगवतात. पूर्व सुदानात सापडलेल्या सुमारे ५००० वर्षांपूर्वीच्या खापरांवर ज्वारीच्या कोंड्याचे ठसे उमटलेले अभ्यासकांनी दाखविले आहेत. बाजरीचे माहेर पश्चिम आफ्रिकेतील सहाराच्या दक्षिण कडेचा कोरडा पट्टा. नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. चवळी आणि कलिंगड हीही त्याच खंडाची लेकरे. ही पिके हजारो वर्षांपूर्वी समुद्रमार्गाने व अरबस्तानच्या वाटेने भारतात आली आणि येथल्या कोरडवाहू जमिनीला अशी मानवली की ती परकी होती हेच आपण विसरून गेलो.

आमच्या बाजारात धान्य, मसाले व सुका मेवा यांचा व्यापार करणारी घराणी आहेत. त्यांच्या मुलांनी एवढे एक सूत्र ध्यानात ठेवावे: ज्या वस्तूचा आपण व्यापार करतो, तिचा प्रवास हाही इतिहासच होय. गोवळकोंड्याच्या नव्या किल्ल्यात 'हत्तियान का झाड' या नावाने प्रसिद्ध असलेला अवाढव्य वृक्ष पुष्कळांनी पाहिला असेल. ती गोरखचिंच, म्हणजे आफ्रिकेतील बाओबाब. कोणत्याही शिलालेखाइतकाच तो वृक्ष आपल्या जागी साक्ष देत उभा आहे.

नावांतील साक्ष

आता शहरात फिरू या. आमच्या बाजाराला लागूनच सिद्दी अंबर बाजार आहे. तारनाक्याजवळ हबशीगुडा आहे. मासब टँकच्या बाजूला ए. सी. गार्ड्स नावाची वस्ती आहे. रोज तोंडी असलेल्या या नावांचा अर्थ मात्र आपण विचारीत नाही.

'हबशी' हा शब्द अरबी 'हबश' म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया, यावरून आला. पुढे पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सर्वांनाच तो लावला गेला. 'सिद्दी' हा मुळात 'सय्यिदी' म्हणजे 'माझे धनी' अशा अर्थाचा आदरवाचक शब्द, असे मानले जाते. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसांना नवे धनी रत्नांची आणि सुगंधांची नावे देत. याकूत म्हणजे माणिक, अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारे सुगंधी द्रव्य, काफूर म्हणजे कापूर. मायबापांनी ठेवलेले नाव पुसून त्या जागी वस्तूचे नाव ठेवायचे, ही गुलामगिरीची रीत. नाव गोड असले तरी त्यामागचे दुःख अभ्यासकाने ओळखले पाहिजे.

येथेच अभ्यासाचा पहिला धडा मिळतो. अंबर हे नाव अनेकांना असे. म्हणून 'सिद्दी अंबर बाजार' हे नाव वाचताच 'हाच तो अहमदनगरचा मलिक अंबर' असे ठोकून देऊ नये. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला. त्या वेळी हैदराबादेवर कुतुबशाही राज्य होते, आणि बेगम बाजार वसला तो पुढे आसफजाही काळात. नाव सारखे म्हणून माणूस एक ठरत नाही. तसे ठरविण्यास कागद लागतो. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच टिपावी, आणि कागद मिळेपर्यंत तिला सिद्धान्ताच्या पंक्तीला बसवू नये.

ए. सी. गार्ड्स म्हणजे 'आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स', आफ्रिकन घोडदळाची पलटण. वनपर्ती संस्थानच्या राजांनी ही तुकडी निजामांना नजर केली, अशी परंपरा आहे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर पलटण मोडली. पण माणसे येथेच राहिली, आणि त्यांचे वंशज आजही त्या वस्तीत राहतात. लग्नाच्या वरातीत वाजणारा मरफा आपण सर्वांनी ऐकला आहे. हद्रमौतहून आलेले अरब आणि आफ्रिकेतून आलेले सिद्दी या दोघांनी मिळून या शहराला दिलेली ती देणगी आहे. ज्या ठेक्यावर आपली मुले वरातीत नाचतात, तो ठेका कोणाचा, एवढे तरी त्यांना ठाऊक असावे.

मलिक अंबर : एक चरित्र, पाच साक्षीदार

साधने कशी वाचावीत याचा उत्तम नमुना म्हणून मलिक अंबराचे चरित्र घेऊ. ज्यांची मुळे मराठवाड्यात आहेत अशा आमच्या सभासदांना तो परका नाही. औरंगाबाद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते, आणि त्या शहराचा पाया त्यानेच घातला.

सोळाव्या शतकाच्या मध्यास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा विकला गेला. अरबस्तान व बगदाद पाहून तो दख्खनेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीतील पेशवा चंगीझखान, जो स्वतः हबशी होता, त्याने त्याला विकत घेतले. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतले तेव्हा त्याने निजामशाही घराण्यातील एका वंशजाला परांड्यास गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे मोगलांशी झुंज दिली. हा झाला सारांश. आता हे आपल्याला कळले कोणाकडून, ते पाहू.

पहिला साक्षीदार म्हणजे शत्रू. बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत अंबराचा उल्लेख शिव्या दिल्यावाचून क्वचितच करतो. इतकेच नव्हे, तर अबुल हसन या चित्रकाराने सुमारे १६१६ मध्ये काढलेल्या चित्रात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. चित्र पाहून कोणास वाटेल की बादशहाने त्यास मारले. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. तो वृद्धपणी, सुमारे ऐंशी वर्षांचा होऊन वारला. म्हणजे ते चित्र घडलेल्या गोष्टीचे नसून मनातील इच्छेचे आहे. पण म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. अंबराचा धाक केवढा होता, हे त्याच चित्रावरून कळते. आणि त्याच्या मृत्यूनंतर मोगल दरबारचाच इतिहासकार मुतमदखान त्याच्या कर्तबगारीची मोकळ्या मनाने स्तुती करतो.

दुसरा साक्षीदार परका. डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रूक हा १६१७ मध्ये त्यास भेटला आणि आपण पाहिले ते त्याने लिहून ठेवले. त्यास अंबराची भीती नव्हती आणि प्रेमही नव्हते. त्यास व्यापार हवा होता. अशा माणसाचे लिहिणे नेहमी जपून वाचावे आणि नेहमी वाचावे.

तिसरा साक्षीदार आपला. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीच्या लढाईत अंबराने मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले, आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात या लढाईचे वर्णन आहे. मराठी घोडेस्वारांच्या चपळाईचा राज्य राखण्यासाठी कसा उपयोग करावा, हे अंबराने ओळखले होते. पुढील स्वराज्याचे काही धडे त्या काळात गिरविले गेले.

चौथा साक्षीदार जमीन. महसुलाचे मक्ते बंद करून, जमिनीची प्रत व पीक पाहून त्याने धारा ठरविला. 'मलिकंबरी' हा शब्द मराठी महसुली कागदांत त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ येत राहिला. राज्य गेले, घराणे गेले, पण शेतकऱ्याच्या तोंडी नाव राहिले. या साक्षीचे मोल दरबारी स्तुतीहून अधिक आहे.

पाचवा साक्षीदार दगड आणि पाणी. १६१० मध्ये त्याने खडकी वसविली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि २०२३ पासून तिचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणणारी त्याची नहर पुढे कित्येक पिढ्यांची तहान भागवीत राहिली. खुलताबादेस त्याची कबर आहे.

पाच साक्षीदार पाच गोष्टी सांगतात. एकाचेच ऐकले तर अंबर राक्षस ठरतो किंवा देव ठरतो. पाचांचे ऐकले म्हणजे माणूस दिसू लागतो.

आपल्याच दप्तरांकडे पाहताना

हाच नियम आपण आपल्या मराठी साधनांनाही लावला पाहिजे. मराठी मुलाला सिद्दी म्हटले की दोनच गोष्टी आठवतात: १६६० मध्ये पन्हाळ्यास वेढा घालणारा सिद्दी जौहर आणि कधीही हाती न आलेला जंजिरा. जंजिऱ्याच्या मुलखाला आपल्या कागदांत 'हबसाण' म्हणतात. पेशवे दप्तरात सिद्दीवरील मोहिमांची पत्रे आहेत. ही साधने मोलाची आहेत. परंतु ती युद्धात गुंतलेल्या माणसांनी लिहिलेली आहेत, आणि शत्रूच्या घरात चूल कशी पेटते हे मोहिमेच्या पत्रात नसते. त्याच पन्हाळ्याच्या वेढ्याच्या वेळी सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह हे शिवाजी महाराजांच्या बाजूने लढले, ही गोष्ट किती पाठ्यपुस्तकांतून आपल्या ध्यानात राहते? सिद्दी एका बाजूला आणि मराठे दुसऱ्या बाजूला, असा सरळ हिशेब दख्खनच्या इतिहासात जुळत नाही.

आमच्या शहराचे भाग्य असे की, फारसी व मराठी दोन्ही साधने एकाच मेजावर ठेवून वाचणारे सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखे विद्वान येथे होऊन गेले. ती परंपरा विद्वानांपुरती राहू नये, अशी आमची इच्छा आहे.

नाशिकचा एक विद्यार्थी

आफ्रिकन माणसाने स्वतः लिहिलेला कागद हवा असेल तर नाशिककडे वळावे. एकोणिसाव्या शतकात समुद्रावर गुलामांची जहाजे पकडून सोडविलेली आफ्रिकन मुले नाशिकच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात ठेवली जात. त्यांस तेथे लिहिणे-वाचणे व हातकसब शिकविले जाई. त्यांपैकी जेकब वेनराइट हा तरुण प्रवासी लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या सफरीत सामील झाला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला. तेव्हा त्याच्या आफ्रिकन सोबत्यांनी त्याचा देह महिनोन्महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. चुमा आणि सुसी हे त्यांचे पुढारी होते. त्या प्रवासाची रोजनिशी जेकबने लिहिली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटिकेच्या मानकऱ्यांत तोही होता. पुढे शरणपूरची पुष्कळ मंडळी मोंबासाजवळ फ्रीअरटाऊन येथे स्थायिक झाली. एका रोजनिशीमुळे जेकब उरला. ज्यांनी लिहिले नाही, ते यादीतील नाव होऊन राहिले. संग्रहाचे महत्त्व याहून वेगळे सांगावयास नको.

इतरांनी काय केले

पोर्टो रिकोत जन्मलेले आर्तुरो शोंबर्ग हे न्यूयॉर्कमधील एक साधे नोकरदार गृहस्थ. कृष्णवर्णीयांना इतिहासच नाही, असे शाळेत ऐकावे लागल्याचा सल त्यांच्या मनात होता. वाद घालीत बसण्यापेक्षा त्यांनी आयुष्यभर पुस्तके, पत्रे, चित्रे जमविली. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी तो संग्रह १०,००० डॉलरला विकत घेण्यात आला. आज तेथे त्यांच्या नावाची मोठी संस्था आहे. याच संस्थेने २०१३ मध्ये भारतातील आफ्रिकनांवर प्रदर्शन भरविले. दख्खनच्या हबशी सरदारांची ओळख न्यूयॉर्कच्या मुलांस झाली, आणि आमच्या मुलांस झाली नाही, ही गोष्ट मनास लागणारी आहे.

दुसरे उदाहरण माली देशातील तिंबुक्तूचे. तेथील घराण्यांनी शतकानुशतके हस्तलिखिते पेट्यांत जपली. २०१२ मध्ये शहर सशस्त्र गटांच्या ताब्यात गेले, तेव्हा सामान्य माणसांनी हजारो हस्तलिखिते पत्र्याच्या ट्रंकांतून गुपचूप बामाकोस हलविली.  पेटी घरात होती आणि तिची किंमत घरच्यांना ठाऊक होती.

आपल्या देशातही आरंभ जुना आहे. औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत हे १९४८ ते १९५४ पर्यंत नैरोबीस भारताचे प्रतिनिधी होते, आणि आफ्रिकन लोकांशी स्नेह जोडणारे म्हणून त्यांचे नाव झाले. दिल्ली विद्यापीठात १९५५ मध्ये, तर मुंबई विद्यापीठात १९७१ मध्ये आफ्रिकेच्या अभ्यासाचे स्वतंत्र विभाग सुरू झाले.

आपण काय करावे

आता मुद्द्याचे बोलू. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे गेले आहे. पलटणीचे संचलन ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. मुसीच्या १९०८ च्या पुरात घरांबरोबर कागद गेले, त्यास इलाज नव्हता. पण आज जुनी चोपडी रद्दीच्या तराजूत जाते, ती आपल्या हाताने. म्हणून आम्ही सभासदांपुढे पुढील गोष्टी ठेवतो.

एक. घरातील जुन्या रोजकीर्दी, खतावण्या व पत्रे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा चाळाव्यात. हबशी, सिद्दी, झांजीबार, मोंबासा, हस्तिदंत, अरब पलटण असे शब्द दिसल्यास ते पान वेगळे काढावे. मोडीतील कागद वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी समजू नये. मोडी वाचणारे अजून आहेत.

दोन. प्रत्येक वस्तूबरोबर चार गोष्टी लिहाव्यात: कोणाकडून मिळाली, कोठे, कधी आणि त्या वेळी देणाऱ्याने काय सांगितले. एवढी टीप नसेल तर उत्तम छायाचित्रही मुके होते. छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत, शाईने नव्हे.

तीन. जुना कागद चिकटपट्टीने जोडू नये, प्लास्टिकमध्ये कायमचा बंद करू नये. पूर्वीच्या दप्तरदारांप्रमाणे स्वच्छ सुती रुमालात बांधून कोरड्या जागी ठेवावा. मोबाईलवर त्याचे नीट छायाचित्र घेऊन दोन ठिकाणी जपावे.

चार. वस्तू ज्याची त्याच्याकडेच राहू द्यावी. आपण प्रत घ्यावी, आणि तीही विचारून. संग्रहाच्या नावाखाली दुसऱ्याच्या आजोबांचे पदक आपल्या कपाटात आणून ठेवणे ही सेवा नव्हे.

पाच. वृद्धांशी बोलताना त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. दखनी बोली 'सुधारून' लिहू नये. गाण्याचा शब्द कळला नाही तरी जसा ऐकला तसा टिपावा. आपल्याला न कळणारा शब्द दुसऱ्या अभ्यासकास मूळ भूमीपर्यंत नेऊ शकेल. "तुमचे पूर्वज गुलाम होते काय?" असा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारणे असभ्य आहे. आजोबा कोणत्या तुकडीत होते, लग्नात कोणती गाणी म्हणत, सणाला काय रांधीत, हे विचारावे. 'हबशी' हा शब्द आपल्याकडे हेटाळणीनेही वापरला जातो. त्यांस स्वतःला कोणते नाव आवडते, ते त्यांनाच विचारावे आणि तेच लिहावे.

सहा. ऐकलेले आणि पाहिलेले यांची वही वेगळी ठेवावी. आणि शंका आली की अफझलगंजचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, म्हणजे १८९१ मध्ये स्थापन झालेले जुने आसफिया, आपल्या बाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तारनाक्याचे राज्य अभिलेखागारही दूर नाही.

ट्रस्टच्या कार्यालयात यासाठी एक कपाट व एक नोंदवही असावी, अशी आमची सूचना आहे. खर्च फार नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांनी सुटीत दोन घरे, दोन वृद्ध आणि दोन जुनी छायाचित्रे एवढेच काम घेतले, तरी वर्षाअखेर वहीची कितीतरी पाने भरतील. त्या कामासाठी आपली मुले ए. सी. गार्ड्समध्ये जातील, तेथील मुले आपल्याकडे येतील, आणि शेजार नुसत्या पत्त्यापुरता राहणार नाही.

धर्मादाय म्हणजे अन्न, औषध आणि विद्या, असे आपले वडील मानीत आले. विद्येच्या खात्यात शेजाऱ्याच्या पूर्वजांची आठवण जपणे हेही येते. हे खाते या महोत्सवी वर्षात उघडावे आणि त्यात प्रत्येक घराने आपापली पहिली नोंद करावी, अशी सर्व सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे.